एकाच मजल्यावरच्या दोन खोल्या : हॉटेलांच्या मालकांना आणि व्यवस्थापकांना खुले पत्र

हॉटेल व्यवसायातील सर्व मालक, व्यवस्थापक आणि विभागप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझा एका हॉटेलात चार रात्रींचा मुक्काम झाला. त्या हॉटेलाचे नाव या पत्रात मी जाणूनबुजून देत नाही. नाव घेतले की पत्र एका तक्रारीपुरते उरते आणि इतर सर्वजण आपला त्याच्याशी संबंध नाही असे समजून बाजूला होतात. मला जे सांगायचे आहे ते मात्र मी लहान-मोठ्या, स्वस्त-महाग अशा कितीतरी हॉटेलांत कमी-अधिक प्रमाणात अनुभवलेले आहे. या वेळी ते इतके स्वच्छ दिसले, कारण आम्ही शेजारशेजारच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतरच्या तपासण्यांसाठी आम्ही गेलो होतो. एका खोलीत चौऱ्याहत्तर वर्षांची आई आणि तिच्या सोबतीला मावशी, तर लगतच्या खोलीत मी, अशी व्यवस्था होती. मजला एक, भाडे एक, खोल्यांचा आकार एक, दाराच्या आत लावलेल्या सूचनाही त्याच.

माझी खोली उत्तम होती, हे आधी सांगते. चादर ताणून बसवलेली होती, उशांच्या अभ्र्यांना ताज्या धुण्याचा वास होता, बेसिनच्या नळाच्या मागची बाजूसुद्धा पुसलेली होती. ती बाजू पुसणारा माणूस कामावर प्रेम करणारा असतो, असे मला नेहमी वाटते, कारण तिथे पाहणारे कोणीच नसते.

आईच्या खोलीत शिरताच कोंदट वास आला. त्यावर सुगंधी फवारा मारलेला होता, त्यामुळे दोन्ही वास एकत्र येत होते. न्हाणीघराच्या फरशीच्या सांध्यांत काळी बुरशी धरलेली होती. बेसिनजवळ कागदी टोपी घालून ठेवलेल्या पेल्याच्या काठावर ओठांचा डाग होता. शॉवरमधून पहिले मिनिटभर तांबूस, कोमट पाणी आले. टीव्हीचा रिमोट हाताला चिकटत होता. या सगळ्याकडे मी कदाचित थकलेल्या प्रवाशाप्रमाणे दुर्लक्ष केले असते. पण आईने पलंगाशेजारच्या टेबलाखालून एक पांढरी गोळी उचलली आणि मला विचारले, "ही माझीच का गं? सकाळची राहिली होती वाटतं." ती गोळी तिची नव्हती. आधी राहून गेलेल्या कोणाची तरी, कसल्या तरी औषधाची ती गोळी होती. आईचे डोळे अधू आहेत, दिवसाला सात गोळ्या ती घेते, आणि मी त्या क्षणी खोलीत नसते तर तिने ती पाण्याबरोबर गिळली असती. त्या खोलीत एखादे रांगते मूल असते, तर त्याने विचारलेही नसते.

अस्वच्छतेबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा किळस या भावनेशी थांबतो. त्या गोळीने मला त्या पलीकडे नेले. खोली नीट साफ झाली नाही म्हणजे केवळ डोळ्यांना खुपणारे काही राहिले असे नसते, तर आधीच्या माणसाचा मुक्काम पुढच्या माणसाच्या मुक्कामात शिल्लक राहतो, आणि त्यात काय शिल्लक आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

दुसऱ्या दिवशी त्या मजल्याची सफाई करणाऱ्या ताई भेटल्या. मी तक्रारीच्या सुरात बोलले नाही. दोन खोल्यांत एवढा फरक कसा, एवढेच विचारले. त्यांनी थोडे बिचकत, पण सरळ उत्तर दिले. दोन्ही खोल्या त्यांनीच केल्या होत्या. माझी खोली त्यांची सकाळची तिसरी होती. आईच्या खोलीतले पाहुणे उशिरा निघाले, म्हणून ती पंधरावी झाली, आणि ती करत असताना खालून दोन वेळा फोन आला की पाहुणे येऊन बसले आहेत, खोली लवकर द्या. त्या दिवशी त्यांच्या वाट्याला सोळा खोल्या होत्या आणि त्यांपैकी बारा खोल्यांतले पाहुणे निघून जाणार होते.

हा हिशेब मी त्या रात्री कागदावर मांडून पाहिला, आणि आपणही एकदा मांडून पाहावा अशी माझी विनंती आहे. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटे. जेवणाची सुट्टी, ट्रॉली भरणे, धुतलेल्या चादरी खालून आणणे, लिफ्टसाठी थांबणे यांत किमान एक तास जातो, म्हणजे ४२० मिनिटे उरतात. पाहुणे निघून गेलेली खोली पूर्ण करायची, म्हणजे दोन पलंगांच्या चादरी काढून नव्या घालायच्या, न्हाणीघर घासायचे, कपाटे आणि खण तपासायचे, धूळ पुसायची, पलंगाखालून झाडायचे आणि वापरलेल्या वस्तू भरायच्या. याला पस्तीस मिनिटे ही काही चैन नव्हे. बारा गुणिले पस्तीस म्हणजे ४२०. उरलेल्या चार खोल्यांसाठी, जिथे पाहुणे अजून राहत आहेत, शून्य मिनिटे राहतात. तरीही सोळाही खोल्या "तयार" म्हणून नोंदवल्या जातात. मग ती मिनिटे कुठून येतात? ती न उघडलेल्या खणांतून येतात, पलंगाखालच्या न झाडलेल्या जागेतून येतात, पाण्याखाली नुसत्या धरलेल्या पेल्यातून येतात. जंतुनाशकाचेच पाहा. बहुतेक जंतुनाशके फवारल्यावर पृष्ठभाग काही मिनिटे ओला राहावा लागतो, काहींना तर दहा मिनिटेही लागतात, आणि ही वेळ बाटलीवर छापलेली असते. फवारून लगेच पुसले तर पृष्ठभाग चकचकीत दिसतो, पण जंतुनाशकाला आपले काम करायला वेळच मिळालेला नसतो. ज्या बाईंना मागून फोन येत आहेत, त्या दहा मिनिटे थांबणार कशा?

या कामाची किंमत शरीराला मोजावी लागते, हेही नोंदवून ठेवते. अमेरिकेतील पाच हॉटेल कंपन्यांच्या पन्नास हॉटेलांमधील दुखापतींचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्व कर्मचारी मिळून दरवर्षी शंभरामागे ५.२ दुखापती आढळल्या, तर खोल्यांची सफाई करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ७.९ होते. गादीचा कोपरा उचलून चादर खोचणे हे दिवसातून शंभरदा करून पाहिल्याशिवाय या आकड्याचा अर्थ कळणार नाही. म्हणून आईच्या खोलीची जबाबदारी त्या ताईंवर टाकून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. सकाळच्या तिसऱ्या खोलीत त्यांनी काय करून दाखवले, ते मी पाहिलेले आहे. त्यांना काम येते, हा त्याचा पुरावा आहे. पंधराव्या खोलीपर्यंत पोहोचताना त्यांच्याकडून वेळ काढून घेतला गेला, आणि तो कोणी काढून घेतला हे वेळापत्रक बनवणाऱ्यांना माहीत असायला हवे.

आता साफसफाईतल्या त्या भागाकडे येते, जो डोळ्यांना दिसत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी इतर दोन विद्यापीठांच्या सहकार्याने हॉटेलांच्या खोल्यांतील पृष्ठभागांचे नमुने तपासले. खोल्या नऊच होत्या, त्यामुळे त्यावरून साऱ्या जगाचा निष्कर्ष काढता येणार नाही. पण त्यांत कमोड आणि बेसिन यांच्या बरोबरीने टीव्हीचा रिमोट आणि पलंगाजवळच्या दिव्याचे बटण यांवरही जिवाणू मोठ्या प्रमाणात आढळले. मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो त्यातला आणखी एक भाग. सफाईच्या ट्रॉलीवरचे स्पंज आणि पुसणी यांवरही जिवाणूंचे प्रमाण मोठे होते, म्हणजे स्वच्छतेचे साधनच एका खोलीतली घाण दुसऱ्या खोलीत नेऊ शकते. न्हाणीघरासाठी एका रंगाचे फडके, खोलीसाठी दुसऱ्या रंगाचे, आणि प्रत्येक खोलीला नवा संच, ही पद्धत आपल्या व्यवसायात जुनी आणि सर्वमान्य आहे. त्या मजल्यावरच्या ट्रॉलीवरही चार रंगांची फडकी घडी घालून ठेवलेली मी पाहिली. फक्त ती सोळा खोल्यांना पुरतील एवढी नव्हती. दुपारपर्यंत रंग संपतात आणि मग जे हाताला येईल ते फडके वापरले जाते. चादरी-टॉवेलांचेही असेच आहे. एक संच पलंगावर, एक धुलाईत आणि एक कपाटात, असे किमान तीन संच लागतात, हे प्रत्येक व्यवस्थापकाला शिकवलेले असते. जिथे दोनच संच असतात, तिथे संध्याकाळी येणाऱ्या पाहुण्याला किंचित दमट चादर मिळते. आईला तीच मिळाली होती.

तांबूस कोमट पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ही गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते आणि पाहुण्यांपैकी फार थोड्यांना तिची कल्पना असते. १९७६ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फिया शहरातील एका हॉटेलात माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर न्यूमोनियासारख्या एका अनोळखी आजाराने २२१ जण आजारी पडले आणि ३४ जणांचा मृत्यू झाला. पुढे १९७७ च्या जानेवारीत त्या आजाराचा जिवाणू ओळखला गेला आणि त्या सैनिकांवरूनच त्याला 'लिजिओनेला' हे नाव पडले. हा जिवाणू साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि शॉवरच्या किंवा वातानुकूलन यंत्रणेच्या बारीक तुषारांबरोबर श्वासातून फुप्फुसांत जातो. वयस्कर माणसे, धूम्रपान करणारे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना त्याचा धोका अधिक असतो. त्यावरचा उपाय काही गूढ नाही. गरम पाणी टाकीत ६० अंशांवर ठेवायचे, नळाला पोहोचताना ते ५० अंशांच्या खाली जाऊ द्यायचे नाही, थंड पाणी २० अंशांच्या आत ठेवायचे, शॉवरची तोटी ठराविक मुदतीने काढून तिच्यातले क्षार काढायचे, आणि जी खोली काही दिवस रिकामी आहे तिचे नळ आठवड्यातून एकदा तरी काही मिनिटे सोडायचे. आईच्या शॉवरमध्ये तो जिवाणू होता असे मी म्हणत नाही, तसे म्हणायला माझ्याकडे कसलाही आधार नाही. मी एवढेच म्हणते की नळातून मिनिटभर तांबूस, कोमट पाणी येते, तेव्हा ते पाणी नळात साचून होते हे उघड आहे, आणि आदल्या पाहुण्यांनी शॉवर वापरलाच नव्हता की नळ सोडण्याची पद्धतच तिथे नव्हती, याचे उत्तर त्या हॉटेलातल्या कोणालाही देता आले नाही.

वासाचा मुद्दा थोडक्यात सांगते. कोंदट वास म्हणजे ओल, आणि ओल म्हणजे कुठेतरी बुरशी. वातानुकूलन यंत्राच्या जाळ्या धुणे, पाण्याचा निचरा मोकळा करणे, न्हाणीघरातला हवा ओढणारा पंखा चालू आहे की नाही हे पाहणे, हे त्यावरचे उपाय आहेत. सुगंधी फवारा मारून पाहुण्याला काही क्षण फसवता येते, दम्याच्या रुग्णाला मात्र त्याचा त्रासच होतो.

सेवेच्या बाबतीत त्या चार दिवसांत मी जे पाहिले, त्याने मला अधिक वाईट वाटले, कारण तिथे माणसांचा चांगुलपणाही वाया जात होता. पहिल्या संध्याकाळी मी खोलीबद्दल स्वागतकक्षात सांगितले. तिथल्या मुलाने मनापासून क्षमा मागितली आणि लगेच कोणाला तरी पाठवतो म्हणाला. कोणीच आले नाही. दोन तासांनी फोन केला तर पाळी बदललेली होती, आणि नव्या माणसाला काहीच ठाऊक नव्हते. मी पुन्हा सगळे सांगितले. त्यानंतर सफाई विभागाकडून फोन आला, त्यांनाही पहिल्यापासून सांगितले. शेवटी रात्रपाळीचे एक गृहस्थ स्वतः वर आले, त्यांना चौथ्यांदा सांगितले. त्यांनी मात्र नव्या चादरी आणून स्वतःच्या हातांनी पलंग लावला आणि आईचा गुडघा पाहून न विचारता एक प्लास्टिकची खुर्ची आणून न्हाणीघरात ठेवली, म्हणजे तिला बसून अंघोळ करता येईल. त्या रात्री आम्हाला त्यांच्याबद्दल जे वाटले, ते पैशांत सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परत आलो तेव्हा ती खुर्ची गेलेली होती. खोलीच्या सामानाच्या यादीत ती नव्हती, म्हणून सफाईच्या वेळी ती उचलून नेली गेली. यादीप्रमाणे काम करणाऱ्याने आपले काम चोख केले, आणि रात्रपाळीच्या माणसाने केलेली सर्वांत चांगली गोष्ट त्यामुळेच पुसली गेली, कारण ती कुठेही लिहून ठेवलेली नव्हती. एक वही आणि पाळी बदलताना ती दहा मिनिटे एकत्र बसून वाचण्याची सवय, एवढ्यानेच ते टळले असते. संगणकप्रणाली हवी असेल तर जरूर घ्यावी, पण रोज कोण वाचणार हे ठरलेले नसेल, तर तिचाही उपयोग व्हायचा नाही.

सेवेची गुणवत्ता कशात असते, याचा अभ्यास परशुरामन, झाइथामल आणि बेरी या तीन संशोधकांनी १९८० च्या दशकात केला. १९८८ मध्ये त्यांनी तिचे पाच पैलू मांडले : भरवसा, तत्परता, आश्वासकता, आपुलकी, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंची अवस्था. त्यांच्या पाहणीत ग्राहकांनी सर्वाधिक महत्त्व दिले ते भरवशाला, म्हणजे जे कबूल केले ते प्रत्येक वेळी तसेच होण्याला. स्वागतकक्षाच्या संगमरवराचा क्रमांक त्यात फार खाली लागतो. तरीही नूतनीकरणाला पैसे उपलब्ध होतात आणि फडक्यांच्या चौथ्या संचाला होत नाहीत, हे मला अजून उलगडलेले नाही.

चूक झाल्यावर ती उत्तम रीतीने सुधारली की ग्राहक आधीपेक्षाही खूश होतो, असा एक विचार आपल्या व्यवसायात रुजलेला आहे, आणि त्यावर विसंबून पहिली चूक फारशी मनावर घेतली जात नाही. खुर्ची आणणाऱ्या गृहस्थांमुळे मी काही तास खरोखर तशी खूश होते. खुर्ची गेल्यावर मात्र मला आधीपेक्षा अधिक असहाय वाटले. सुधारणा एकाच माणसाच्या जिवावर उभी असेल, तर ती त्या माणसाच्या पाळीबरोबर संपते.

आता जेवणाबद्दल. पहिल्या रात्रीचे जेवण अप्रतिम होते. मावशीला सुकामेव्याची ॲलर्जी आहे. एकदा नकळत काजूची पूड पोटात गेल्याने तिला श्वास घेता येईनासा झाला होता, तेव्हापासून आम्ही प्रत्येक ठिकाणी विचारतो. त्या रात्री वाढणाऱ्या मुलाने "थांबा हं, विचारून सांगतो" असे म्हणून थेट स्वयंपाकघर गाठले आणि आचाऱ्यालाच बरोबर घेऊन आला. आचाऱ्याने प्रत्येक पदार्थात काय आहे ते सांगितले, एका पदार्थाच्या रश्शात काजू वाटलेले असल्याचे सांगून तो टाळायला लावला, आणि आईसाठी मीठ कमी ठेवून वेगळे वाढले.

चौथ्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, आम्ही न्याहारीच्या शेवटच्या अर्ध्या तासात पोहोचलो. तोच प्रश्न, त्याच दालनात. उत्तर आले, "नसावा." त्या मुलाचा स्वर उर्मट नव्हता. त्याच्याभोवती वीस टेबले भरलेली होती आणि तो एकटा होता. पण ज्याच्या घशाला सूज येऊन जीव जाऊ शकतो, त्याच्यासाठी "नसावा" हे उत्तर नव्हे. युरोपीय संघात २०१४ च्या डिसेंबरपासून चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती सुट्या विकल्या जाणाऱ्या अन्नाबाबतही देणे बंधनकारक आहे. कायदा जिथे जसा असेल तिथे तसा असो, बुफेवरच्या प्रत्येक पदार्थासमोर त्यातल्या घटकांची पाटी ठेवायला कायद्याची वाट पाहायची गरज नाही. ती पाटी गर्दीच्या सकाळीसुद्धा तेच उत्तर देते, जे निवांत रात्री आचाऱ्याने दिले होते.

त्या सकाळी बुफेकडे मी जरा लक्षपूर्वक पाहिले. गरम पदार्थांच्या भांड्यांखालची आच विझलेली होती. झाकणे उघडी होती. संपत आलेल्या भांड्यात, तळाशी उरलेल्या जुन्या पदार्थावरच नवा पदार्थ ओतला जात होता, त्यामुळे तळाचा भाग सकाळी सातपासून तिथेच होता. दोन भांड्यांत मिळून एकच डाव फिरत होता, म्हणजे घटकांच्या पाट्या असत्या तरी मावशीच्या उपयोगाच्या राहिल्या नसत्या. जागतिक आरोग्य संघटनेचा सर्वसामान्यांसाठीचा सल्ला अगदी सोपा आहे. गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवावे, थंड अन्न ५ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली, आणि शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा अधिक राहू देऊ नये. मधल्या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि काही जिवाणूंची विषद्रव्ये तर अन्न पुन्हा गरम केले तरी नष्ट होत नाहीत. भात शिजवून बाहेर ठेवला की जो जिवाणू त्रास देतो, त्याची उलटी घडवणारी विषद्रव्ये याच प्रकारची असतात. त्यामुळे "परत गरम करून आणतो" हे उत्तर पुरेसे नसते, हे स्वयंपाकघरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.

इथे मला एका जुन्या घटनेची आठवण द्यावीशी वाटते. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या अंतराळवीरांसाठी अन्न तयार करायचे होते, आणि ते निर्धोक आहे याची जवळजवळ पूर्ण खात्री हवी होती. तयार झालेले अन्न तपासून अशी खात्री मिळवायची, तर एवढे नमुने खर्ची पडत होते की खायला फारसे उरलेच नसते. म्हणून त्या शास्त्रज्ञांनी प्रश्नच बदलला. शेवटी तपासण्याऐवजी अन्न तयार होताना धोका नेमका कोणत्या टप्प्यावर शिरू शकतो ते शोधायचे, त्या टप्प्यावर मर्यादा ठरवायची, ती पाळली गेल्याची नोंद ठेवायची, आणि मर्यादा ओलांडली तर काय करायचे हेही आधीच ठरवायचे. यातूनच 'हॅसेप' ही पद्धत उभी राहिली, आणि १९९३ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने स्वीकारली. आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिचे प्रमाणपत्र लावलेले आहे.

माझे म्हणणे असे, की हाच विचार स्वयंपाकघराच्या दाराबाहेर का येत नाही? खोल्यांची तपासणी आजही शेवटीच होते. पर्यवेक्षक दहांपैकी दोन-तीन खोल्यांत डोकावतात, चादरीला सुरकुती नाही ना, आरशावर डाग नाही ना, ते पाहतात, आणि बाकीच्या खोल्या विश्वासावर सोडतात. धोका कुठे शिरतो हे तर ठाऊक आहे : दुपारी उशिरा रिकाम्या होणाऱ्या खोलीत, फडकी संपण्याच्या वेळी, पाळी बदलण्याच्या अर्ध्या तासात, सुट्टीच्या सकाळी न्याहारी संपत आली असताना, आणि बरेच दिवस बंद राहिलेल्या नळात. माझ्या चार दिवसांतली प्रत्येक वाईट गोष्ट यांपैकी कुठल्या ना कुठल्या ठिकाणी घडली आणि प्रत्येक चांगली गोष्ट त्यांच्या बाहेर. हे टप्पे ठरलेले असताना सारे बळ सकाळच्या तिसऱ्या खोलीवर आणि पहिल्या रात्रीच्या जेवणावर खर्च होते.

पाहुण्यांनी दिलेल्या गुणांवर आपण फार अवलंबून राहता, म्हणून त्याबद्दलही एक शब्द. मी आणि मावशीने त्या मुक्कामाला वेगवेगळे गुण द्यायचे ठरवले असते, तर मी पाचपैकी पाच आणि तिने दोन दिले असते. सरासरी साडेतीन, म्हणजे बऱ्यापैकी. पण साडेतीन दर्जाची खोली त्या मजल्यावर नव्हतीच. एक पाचाची होती आणि एक दोनाची होती, आणि पुढच्या पाहुण्याला त्यांतली कोणती मिळेल हे खालच्या फोनवर अवलंबून होते. म्हणून सरासरी पाहण्याबरोबर सर्वांत कमी गुण कोणत्या खोलीला, कोणत्या दिवशी, किती वाजता आलेल्या पाहुण्याने दिले, हे मांडून पाहावे. मला खात्री आहे की ते गुण वर सांगितलेल्या ठिकाणांभोवतीच गोळा झालेले दिसतील.

आपल्याकडे काही मागायचेच, तर खोल्यांची वाटणी संख्येने न करता मिनिटांनी करा, ही पहिली मागणी. निघून गेलेल्या पाहुण्याची खोली आणि राहत्या पाहुण्याची खोली यांना एकच वजन देऊ नका. खोली तयार नसेल तर पाहुण्याला तसे स्पष्ट सांगा. आम्ही त्या दिवशी खाली आणखी चाळीस मिनिटे आनंदाने बसलो असतो, आईला पाय ठेवायला एक तिवई मिळाली असती तर तासभरही बसलो असतो. खोली "तयार" म्हणण्याचा अधिकार ती साफ करणाऱ्यालाच द्या, आणि त्याने अजून नाही म्हटले तर त्याच्यावर रागावू नका. आणि महिन्यातून एकदा, आधी न कळवता, आपल्यापैकी जे सर्वांत वरच्या पदावर आहेत त्यांनी दुपारी उशिरा रिकामी झालेली एखादी खोली घेऊन तिथे रात्र काढावी, शॉवरखाली अंघोळ करावी, पलंगाखाली वाकून पाहावे, आणि सकाळी न्याहारीला सर्वांत शेवटी जावे.

आईच्या पुढच्या तपासणीसाठी आम्हाला तीन महिन्यांनी पुन्हा त्याच शहरात जायचे आहे. त्या हॉटेलाला मी या पत्रातल्या सर्व गोष्टी खोली क्रमांकांसह स्वतंत्रपणे कळवल्या आहेत, आणि त्या ताईंच्या व रात्रपाळीच्या गृहस्थांच्या कामाबद्दल वेगळे लिहिले आहे. आम्ही त्याच दोन खोल्या मागितल्या आहेत. या खेपेला आईची खोली मी घेणार आहे, आणि न्हाणीघरात खुर्ची हवी असल्याचे आरक्षणातच लिहून दिले आहे.

आपली विश्वासू,
एक पाहुणी